आधी लाकूड, मग लोखंड : जुन्या सुतारयंत्रांच्या अभ्यासाची प्रस्तावना

कोल्हापूरच्या उद्योगांची गोष्ट निघाली की बिडाचे ओतकाम पहिले येते. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या नावांमागे भट्ट्यांचा धूर, वाळूचे ढीग आणि ट्रकमध्ये चढणारे इंजिनांचे ब्लॉक उभे राहतात. त्यात चुकीचे काही नाही. पण पंपाचे कवच असो, उसाच्या चरकाचा लाट असो किंवा ट्रॅक्टरचा एखादा ओबडधोबड कंस असो, वाळूत त्याचा साचा उठवायला आधी त्याची घन प्रतिकृती लागते, आणि या शहरात कित्येक दशके ती लाकडाची असे. कारखान्यात तिला सगळे पॅटर्न म्हणतात. ती घडवणारा माणूस सुतार असतो, त्याची हत्यारे सुताराची असतात, आणि त्याच्याभोवती उभी असलेली यंत्रे, म्हणजे पट्टी आरा, गोल आरा, रंधा मशीन, लाकडाचा लेथ, हा या पुस्तकाचा विषय आहे.

हा विषय वाचकांनी मुद्दाम वेळ काढून वाचावा असा का, हे सांगणे प्रस्तावनेचे काम आहे. जुनी सुतारयंत्रे म्हटल्यावर दोन प्रकारची माणसे पुढे येतात. एकाला त्यात भंगाराचा दर दिसतो, दुसऱ्याला दिवाणखान्यात ठेवायची शोभेची वस्तू. आम्हाला तिसरा वाचक हवा आहे, ज्याला ते यंत्र चालवायचे आहे. चालवायचे म्हणजे त्यावर रोज चौकटी, दरवाजे, खिडक्या, पॅटर्न काढायचे. कधीच चालू न झालेल्या यंत्राबद्दल कितीही वाचले तरी ते अर्धेच कळते. आणि न समजता चालवलेले यंत्र बोटे घेते. या दोन्हींच्या मधली वाट लांब असली तरी अवघड नाही.

आधी थोडा इतिहास. कोल्हापुरात यंत्रयुग एकदम आले नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली कापडाची गिरणी उभारली, तिला आपण शाहू मिल म्हणून ओळखतो. कुंडल रोडच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड दुर्मीळ झाले तेव्हा शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा नांगर ओतण्यासाठी किर्लोस्करांना दिल्या, ही गोष्ट या भागात सर्वांना ठाऊक आहे. तोफांचे नांगर झाले हे सगळे सांगतात. त्या नांगराच्या फाळाचा पॅटर्न कोणी तासला असेल, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. कोल्हापुरातच मेस्त्री घराण्यातल्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या दोघांनी स्वतःचा सिनेमा कॅमेरा बनवण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली गेले, बाबूरावांनी काम पुरे केले, आणि १९२० साली महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. बाबूरावांची कला सगळ्यांना माहीत आहे, पण घरात मिस्त्रीचा हात असणे म्हणजे काय याचा तो कॅमेरा एक दाखला आहे. परदेशी यंत्र विकत घेण्याची ऐपत नसेल तर ते समजून घेऊन घरी करायचे, ही सवय पुढे उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या रूपाने भरभराटीला आली. पंचगंगेच्या काठी ऊस वाढला, त्याला पाणी हवे होते, पाण्याला इंजिन आणि पंप हवे होते, आणि इंजिन ओतायला पॅटर्न हवा होता.

पॅटर्नचे काम साध्या सुतारकामापेक्षा वेगळे कुठे पडते ते इथे सांगायला हवे, कारण यंत्रांची गरज तिथूनच समजते. वितळलेले बीड थंड होताना आकसते, मीटरला साधारण दहा मिलिमीटर. जुने मिस्त्री ‘फुटाला एक सूत’ म्हणतात आणि हिशोब बरोबर जुळतो, कारण सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पॅटर्न त्या मापाने मोठा करावा लागतो, आणि दरवेळी गुणाकार नको म्हणून मिस्त्री मुळातच फुगवलेली मोजपट्टी वापरतो. अ‍ॅल्युमिनियम आकसते मीटरला तेरा मिलिमीटरच्या आसपास. लाकडी पॅटर्नवरून आधी अ‍ॅल्युमिनियमचा पॅटर्न आणि त्यावरून बिडाचा भाग काढायचा असेल तर दोन्ही आकुंचने एकावर एक चढतात. पॅटर्न वाळूतून अलगद निघावा म्हणून त्याच्या उभ्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो. जिथे पुढे लेथवर किंवा शेपरवर कात काढायची आहे तिथे वाढीव जाडी ठेवावी लागते. आतल्या पोकळीसाठी कोअर बॉक्स वेगळा. एवढे सगळे सांभाळून लाकूड पावसाळ्यात फुगू नये, उन्हाळ्यात तडकू नये. म्हणून पॅटर्नला मुरलेला सागवान किंवा शिवण, आणि तोही एका तुकड्यात नव्हे, रेषे उलटसुलट लावून चिकटवलेल्या फळ्यांचा.

हे काम वाकस, पटाशी आणि हातरंध्याने होत नाही असे नाही. झाले आहे, उत्तम झाले आहे. पण एकसारखी जाडी, काटकोनात कापलेली कड आणि गोलाई ही तीन कामे यंत्राने केली की मिस्त्रीचा हात अवघड जागांसाठी मोकळा राहतो. इंग्लंडच्या लेस्टर शहरात १८९७ साली सुरू झालेल्या वॅडकिन या कारखान्याचे नाव पॅटर्नसाठी लाकूड कोरणाऱ्या मिलिंग यंत्राने झाले. पॅटर्नच्या कामाने सुतारयंत्रांना किती पुढे ढकलले, हे या एका उदाहरणावरून लक्षात येईल. रॉचडेलचे रॉबिन्सन, पेझलीचे व्हाइट, नेवार्कचे रॅन्सम अशी ब्रिटिश नावे एखाद्या जुन्या ओतीव सांगाड्यावर उठावाच्या अक्षरांत दिसली तर धूळ पुसून वाचा. बटाला, राजकोट यांसारख्या ठिकाणी ओतलेली देशी यंत्रेही तितक्याच मनापासून वाचण्यासारखी असतात. त्यांच्याकडे ‘नक्कल’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझे जमत नाही. नक्कल करायला मूळ वस्तू उलगडावी लागते, आणि उलगडणे हेच तर इथे शिकायचे आहे.

जगाच्या पातळीवर पाहिले तर लाकडाचे यंत्रकाम जहाजबांधणीतून मोठे झाले. इंग्लंडच्या पोर्ट्समाउथ गोदीत सॅम्युएल बेंथम, मार्क ब्रुनेल आणि हेन्री मॉडस्ले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जहाजाच्या शिडांच्या कप्प्या बनवणारी सुमारे पंचेचाळीस यंत्रांची रांग उभी केली. १८०८ साली तिथून एक लाख तीस हजार कप्प्या निघाल्या, आणि एकशे दहा कुशल कारागिरांचे काम दहा साध्या मजुरांनी केले. पट्टी आऱ्याची कल्पना त्याच सुमारास कागदावर आली, पण पाते जोडावर तुटत राहिल्याने ती जवळजवळ अर्धे शतक तशीच पडून राहिली. चांगले पोलाद आणि जोडाची युक्ती फ्रान्समध्ये साधल्यावर तो आरा खरा चालू झाला. एकशे दहाचे दहा झाले, हा आकडा कोल्हापुरात वाचताना थोडे थांबावे. उरलेले शंभर कुठे गेले, हा प्रश्न आपल्याकडच्या सुतारांनीही पुढे अनुभवला.

आता मुख्य गोष्ट. जुने यंत्र चालवायला जगात कुठेही दोन अडचणी येतात. सुटे भाग मिळत नाहीत, आणि मिळाले तर यंत्राच्या किमतीपेक्षा महाग पडतात. ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत अशी यंत्रे जपणारे लोक एका तुटलेल्या दात्यासाठी महिनोन्महिने शोधाशोध करतात. कोल्हापुरात ही अडचण निम्मीच उरते. रंधा मशीनच्या टेबलाचा कंस तुटला, तर पॅटर्नवाला दोन-तीन दिवसांत त्याचा पॅटर्न करतो, ओळखीची फाउंड्री दुसऱ्या कामाच्या ओतणीबरोबर तो ओतून देते, आणि उद्यमनगरात त्यावर कात काढणारा लेथवाला सापडतो. वाचकांनी ही साखळी नीट पाहावी. ज्या पट्टी आऱ्याचा भाग तुटला, त्याच्याच शेजारच्या रंधा मशीनवर त्या भागाचे लाकूड तासले जाते. एक यंत्र दुसऱ्याच्या दुरुस्तीत हातभार लावते. हे सगळे एका रिक्षाच्या अंतरात होणारी गावे भारतात फारशी नाहीत, आणि याचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही.

या साखळीत नवखे लोक कुठे फसतात तेही सांगतो. तुटलेला भागच डिंक-पुट्टीने जोडून पॅटर्न म्हणून वाळूत दाबला, तर नवा भाग आकुंचनाएवढा लहान येतो आणि कातीला जाडी उरत नाही. लहान भागात ते खपून जाते. मोठ्या चाकात किंवा बेअरिंगच्या घरात खपत नाही. तुटलेल्या भागाला पातळ फळीचे किंवा पुठ्ठ्याचे थर चढवून तो वाढवता येतो, पण सरळ नवा पॅटर्न केलेला बरा. दुसरी फसगत आट्यांची. भारतात दशमान मापे १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने रुजली; त्याआधीच्या यंत्रांवर व्हिटवर्थचे बोल्ट असतात, पंचावन्न अंशांच्या आट्यांचे. अमेरिकी यंत्रावर साठ अंश. बऱ्याच मापांना इंचातल्या आट्यांची संख्या सारखी असल्याने नट दोन फेरे चढतो, घट्ट होतो आणि माणूस पान्याला जोर लावतो. अर्ध्या इंचाला तर व्हिटवर्थच्या बारा आट्या आणि अमेरिकी तेरा. जोर लावण्याआधी आट्यांचा गेज लावून बघा.

बॅबिटच्या बेअरिंगबद्दल मला जास्त लिहिण्याचा मोह आवरत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची बहुतेक सुतारयंत्रे बॉल बेअरिंगवर फिरत नसत. शाफ्ट कथिल, अँटिमनी आणि तांब्याच्या मऊ मिश्रधातूत फिरे. आयझॅक बॅबिट या अमेरिकी गृहस्थाने १८३९ साली याचे पेटंट घेतले, आपल्याकडे त्याला व्हाइट मेटलही म्हणतात. हे बेअरिंग झिजले तर दुकानातून आणत नाहीत, भरतात. शाफ्टला दिव्याची काजळी धरतात म्हणजे धातू चिकटत नाही. दोन्ही टोके मातीने किंवा पुट्टीने बंद करतात. शाफ्ट आणि घर दोन्ही तापवतात. आणि धातू पळीने एका दमात ओततात, कारण दोन वेळा ओतलेला धातू एकजीव होत नाही. धातू तापला की नाही हे पाहायला त्यात देवदाराची काडी बुडवायची. काडी तपकिरी होऊन करपली पाहिजे, पेट घेता कामा नये. घर किंचित ओले असेल तर वाफ होऊन धातू उसळतो आणि तोंडावर येतो. शिशाचा अंश असलेल्या मिश्रधातूची वाफ नाकात जाऊ देऊ नये. ओतल्यावर शाफ्टला निळा रंग लावून फिरवायचा, जिथे डाग उठेल तिथे स्क्रॅपरने खरवडायचे. डाग सगळीकडे सारखे उठेपर्यंत. हे काम एकदा नीट झाले आणि तेलाची वात रोज पाहिली, तर ते बेअरिंग भरणाऱ्याच्या नातवापर्यंत चालते. बॉल बेअरिंग बसवून टाकण्याचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल, आणि तो नेहमी चुकीचा नसतो. पण त्यासाठी मूळ घर कापले की परतीची वाट बंद होते, एवढे लक्षात असू द्या.

जुन्या यंत्रात जाड बीड भरपूर असते आणि हीच त्याची मुख्य गुणवत्ता. वजनामुळे कंप कमी होतो, कंप कमी म्हणून पाते सरळ जाते, लाकडावर लाटा उठत नाहीत. आजच्या पत्र्याच्या हलक्या यंत्रात मोटर जास्त ताकदीची असते, पण पायाखालची जमीन थरथरते. तरीही जुने ते सोने असे म्हणून आम्ही तुम्हाला फसवणार नाही. जुन्या यंत्रांचे रक्षक पत्रे बहुधा हरवलेले असतात, विजेच्या तारांचे रबर कुजलेले असते, ब्रेकच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, रंगात शिसे असू शकते. आणि एका जातीच्या यंत्राला तर आम्ही स्पष्ट नकार देतो. जुन्या रंधा मशीनचा चौकोनी कटरब्लॉक. चौकोनी ब्लॉक फिरताना त्याच्या आणि टेबलाच्या ओठाच्या मध्ये मोठी फट उघडते. हात घसरला तर ब्लॉक बोटे आत ओढतो आणि सांध्यापासून नेतो. गोल ब्लॉकमध्ये फट पात्याच्या बाहेर आलेल्या धारेएवढीच राहते. जखम होते, पण हात वाचतो. ब्रिटनने १९२२ च्या नियमांनी हाताने लाकूड सरकवायच्या रंध्यावर चौकोनी ब्लॉक बंद केला. शंभर वर्षांनंतर आपल्याकडे कुठल्या वखारीत तो फिरताना दिसला तर फोटो काढा, चालवू नका. ब्लॉक बदलून यंत्र वाचवता येते, आणि ते उद्यमनगरातच होते.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायदा १९४८ चे एकविसावे आणि बाविसावे कलम वाचकांनी एकदा तरी वाचावे. चालू यंत्राभोवती घट्ट कपडे हवेत, आणि पंधरा सेंटिमीटरपेक्षा रुंद पट्टा चालू पुलीवर हाताने हाताळायचा नाही, हे त्यात स्पष्ट लिहिले होते. हातमोजे घालून रंधा किंवा आरा चालवू नये, हे तिथे नसले तरी ते मी सांगतो. मोज्याचा धागा अडकला की पूर्ण हात जातो. गोल आऱ्यामागची उभी पट्टी, जी कापलेले लाकूड पात्यावर चिमटू देत नाही, ती अनेक जुन्या आऱ्यांतून काढून टाकलेली असते, कारण ती ‘मध्ये येते’. ती परत बसवल्याशिवाय आरा सुरू करू नका. आणि महाराष्ट्रात राहणाऱ्यांना एक खास सूचना. स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल आहे का ते आधी पाहा. लोडशेडिंगमध्ये वीज गेली, तुम्ही पाते काढून धार लावायला घेतली, आणि वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू झाले, तर काय होईल याची कल्पना करण्याची गरज नाही. कॉइल असेल तर यंत्र पुन्हा बटण दाबल्याशिवाय फिरत नाही. शिवाय बटण बंद करणे म्हणजे यंत्र थांबणे नव्हे; छत्तीस इंची चाकांचा पट्टी आरा वीज तोडल्यावरही बराच वेळ फिरत राहतो, आणि सर्वांत फसवा वेळ तोच, कारण आवाज कमी झालेला असतो. भुशाबद्दलही दुर्लक्ष नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या भुशाला माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांत ठेवले आहे. सागाच्या भुशाने अनेकांना त्वचेची खाजही होते. साग पात्यालाही सोडत नाही. त्याच्या पेशींतली सिलिका धार लवकर खाते, म्हणून सागावर काम करणाऱ्याने धार लावण्याची वेळ हिशोबातच धरावी.

पट्टी आरा समजला की इतर यंत्रे सोपी जातात, म्हणून नवख्याने तिथून सुरुवात करावी असे माझे मत आहे. दोन मोठी चाके, वर एक, खाली एक, आणि त्यांवरून फिरणारी दातेरी पट्टी. छत्तीस इंची चाक मिनिटाला पाचशे फेऱ्यांनी फिरले तर पट्टी मिनिटाला चौदाशे मीटरहून जास्त धावते, म्हणजे ताशी पंच्याऐंशी किलोमीटरच्या पुढे. राष्ट्रीय महामार्गावरच्या गाडीइतका वेग, आणि तुमचे बोट पट्टीपासून वीतभर. पट्टीची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून जास्त नसावी असा जुना नियम आहे; छत्तीस इंचाला सुमारे नऊ दशांश मिलिमीटर. जास्त जाड पट्टी वाकताना थकते आणि जोडाशेजारी तुटते. पट्टी चाकावरून पुढेमागे का सरकते, चाकाचा रबर किती उंच हवा, दात किती फाकवायचे, ओल्या लाकडाला जास्त का, हे सगळे एकात एक गुंतलेले असते. पट्टी झाळायला शिका. वखारीतला जुना माणूस हे ज्या सहजतेने करतो ते पाहून सोपे वाटते. पहिल्या काही जोडांवर पट्टी तुटेल, तर तुटू द्या, पण पट्टीच्या ओळीत कोणी उभे नाही हे बघून.

रंधा मशीनचे गणितही अवघड नाही. चौदाशे चाळीस फेऱ्यांच्या मोटरवर अडीचशे मिलिमीटरची पुली आणि ब्लॉकवर ऐंशीची असेल तर ब्लॉक साडेचार हजार फेऱ्यांनी फिरतो. दोन पाती असतील तर मिनिटाला नऊ हजार काप. लाकूड मिनिटाला नऊ मीटर सरकले, तर दर मिलिमीटरला एक काप. पण जवळून पाहिले तर कापांच्या खुणा दोन मिलिमीटरवर दिसतात. कारण एक पाते दुसऱ्यापेक्षा केसभर उंच असते आणि शेवटची खूण तेच ठेवते. हे लक्षात आले की गुळगुळीत पृष्ठभागासाठी वेग वाढवायच्या आधी पाती समान उंचीवर लावावीत, हे आपोआप सुचते. परदेशी यंत्राच्या मोटरवर साठ सायकल लिहिलेले असेल तर आपल्या पन्नास सायकलवर ती सहाव्या भागाने हळू फिरेल. ते ड्राइव्हने भरून काढता येते, पण यंत्राच्या कोणत्याही भागाचा वेग त्याच्या कर्त्याने ठरवलेल्या वेगापुढे नेऊ नका, विशेषतः जुन्या ओतीव पुल्यांचा.

कोल्हापूरच्या हवामानाने या यंत्रांची वेगळी परीक्षा घेतली आहे. जून ते सप्टेंबर बिडाच्या टेबलावर एका रात्रीत गंज उगवतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, आणि पाण्याखाली गेलेल्या कोणत्याही यंत्राबाबत नियम एकच: पाणी ओसरले म्हणून बटण दाबायचे नाही. आधी मोटर उघडून सुकवा, मेगरने वाइंडिंगचा रोध तपासा, बेअरिंगमधला गाळ काढा, मग बघा. अशा वेळी बॅबिटवाले यंत्र बॉल बेअरिंगवाल्यापेक्षा लवकर सावरते, हे मान्य करायला हवे.

लाकडाच्या कामाची मागणी आज कशाला, असा प्रश्न पडेल. पॅटर्नचा धंदा सीएनसी, रेझिन आणि थर्मोकोलकडे वळतो आहे, हे खरे. पण जुन्या वाड्यांच्या दिलेदार दरवाजांची, देवळांच्या सभामंडपांची, वळणदार मोल्डिंगची दुरुस्ती ठरावीक मापाच्या नव्या लाकडात होत नाही. तिला जुन्या आकाराची पाती आणि ती धरणारे यंत्र लागते. शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली उभे राहिलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत जळाले. त्यानंतर शहराने बरेच काही ऐकले आणि बोलले. रंगमंचाच्या फळ्यांपासून छताच्या तुळयांपर्यंत जुने लाकूडकाम किती लोकांना येते, हा प्रश्न त्या चर्चेत मला पुरेसा ऐकू आला नाही.

पुढील प्रकरणे क्रमाने वाचण्याची सक्ती नाही. ज्यांनी अजून कधी यंत्र हाताळले नाही त्यांनी पट्टी आऱ्याचे प्रकरण आधी घ्यावे, मग बेअरिंगचे. सुतारकाम करणाऱ्या वाचकांनी थेट रंध्यावर जावे आणि चौकोनी ब्लॉकचे चित्र पहिल्यांदा बघावे. फाउंड्रीत काम करणाऱ्यांना आकुंचनाचे प्रकरण जुनेच वाटेल, पण त्यातल्या आकड्यांवर मला त्यांच्या दुरुस्त्या हव्याच आहेत. कोणत्याही प्रकरणाच्या शेवटी ‘आता चालू करा’ असे लिहिलेले नाही. ते तुमच्या शेजारी उभा असलेला मिस्त्री सांगेल. त्यांना ‘मिस्त्री’ म्हणून हाक मारा, विचारताना ‘कशाला करता’ असे न म्हणता ‘कसे करता’ असे विचारा, आणि यंत्र चालू असताना काहीच विचारू नका.

पहिली भेट कधी ठेवावी असे कोणी विचारले तर माझे उत्तर खंडेनवमीचे आहे. त्या दिवशी यंत्रे बंद असतात, झाकणे उघडी असतात, पुसून तेल दिलेले असते, आणि पाते, पट्टे, नावपट्टी सगळे हात लावून बघता येते, जे एरवी कुणी बघू देणार नाही. नावपट्टीवरचा फेऱ्यांचा आकडा वहीत लिहून घ्या, मग पुल्यांचे व्यास टेपने मोजून तो खरा आहे का ते घरी काढा. बहुतेक वेळा जुळत नाही, कारण मधल्या काळात कुणीतरी पुली बदललेली असते, आणि कोणी, कधी, कशासाठी बदलली हे मिस्त्रींना विचारायला प्रसादाच्या वेळेइतकी सोयीची वेळ दुसरी नाही.